बारा डब्या आणि बारा दट्टे

नगर-मनमाड रस्त्यावरच्या माझ्या गॅरेजला पाटी नव्हती. विचारणाऱ्याला लोक सांगत, "सरळ जा. एक माणूस इंजिनाला कान लावून, डोळे मिटून बसलेला दिसला की थांबा. तेच बबन मिस्त्रीचं गॅरेज." हे मी कौतुक समजत असे. आता या वयात वाटतं, त्यातले निम्मे तरी माझी चेष्टा करत असावेत.

निवृत्त माणूस दिवाळी अंकात लिहायला बसला की आपली गाजलेली कामं सांगतो. माझीही आहेत. कोल्हारच्या एका बागाईतदाराचा ट्रॅक्टर मी नदीच्या गाळातच खोलून चालू करून दिला होता, आणि राहुरीकडचे उसाचे ट्रक माझ्या दारात रांग लावत. पण ते सांगायला माझी बायको समर्थ आहे, पाहुणे उठेपर्यंत सांगते. मी सांगतोय ते एका वेगळ्याच इंजिनाबद्दल. धूर सोडत का होईना, ते स्वतःच्या पायानं चालत माझ्या दारात आलं होतं. मी ते दुरुस्त केलं आणि ते बंद पडलं.

आधी थोडं धंद्याचं सांगतो, म्हणजे माझा मूर्खपणा नीट कळेल. इंजिनाला हवा आत घ्यायला आणि धूर बाहेर टाकायला झडपा असतात. त्यांना आम्ही व्हॉल्व्ह म्हणतो. खाली एक दांडा फिरतो, त्याच्यावरचे उंचवटे एकेका व्हॉल्व्हला ढकलून उघडतात. उंचवटा आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये जे तुकडे असतात त्यांना टॅपेट म्हणतात. लोखंड तापलं की फुगतं, म्हणून तिथे केसाएवढी फट ठेवावी लागते. फट जास्त झाली तर इंजिन खटखट वाजतं. फार कमी झाली तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि इंजिनाचा दम जातो. ही फट पातळ पोलादी पत्ती घालून मोजतात. मी मात्र पत्ती खिशात ठेवून नुसत्या कानानं फट लावत असे. निदान गिऱ्हाईक समोर असताना तरी. ते गेलं की हळूच पत्ती घालून बघत असे.

बहात्तरच्या दुष्काळात, उन्हाळ्याच्या तोंडाला, एक लांबलचक अमेरिकन गाडी माझ्या शेडसमोर येऊन थांबली. अशा गाडीला स्टेशन वॅगन म्हणतात. मागे दोन माणसं आडवी झोपतील एवढी जागा. शेवगावच्या बाजूला डॉक्टर रूथबाई एक छोटा दवाखाना चालवत. तिथे आधी असलेले परदेशी डॉक्टर मायदेशी जाताना ही गाडी दवाखान्याला ठेवून गेले होते. त्या दिवसांत रूथबाई तिच्यात औषधं भरून रोज एका दुष्काळी कामावर जात. शेतं ओस पडलेली, माणसं सरकारी रस्त्यांवर खडी फोडायला बसलेली. आजारी पडलं तर तिथून उठून दवाखान्यात कोण जाणार? म्हणून दवाखानाच खडीवर जायचा.

बाई चाळिशीच्या, अंगानं बारीक, आवाज हळू. त्यांचा ड्रायव्हर दगडूमामा साठीला टेकलेला, तोंडात कायम तंबाखू.

"किती दिवस लागतील?" बाईंनी विचारलं.

"आठ दिवस," मी म्हणालो. इंजिन अजून पाहिलंही नव्हतं.

बाई एस.टी.नं परत गेल्या. दगडूमामा गाडीबरोबर राहिला. सकाळी मी इंजिन खोलायला घेतलं की तो ओट्यावर येऊन बसे आणि बघत राही. मला बघणारं माणूस आवडायचं, म्हणून मी हातवारे जरा जास्तच करत असे.

तिसऱ्या दिवशी टॅपेट बाहेर काढायची वेळ आली. काढले तर ते भरीव नव्हतेच. अंगठ्याएवढ्या बारा पोलादी डब्या निघाल्या, आणि प्रत्येक डबीत हलणारं काहीतरी. मी आयुष्यात असे टॅपेट पाहिले नव्हते. पण हे दगडूमामासमोर कबूल करणं शक्य नव्हतं.

"मिस्त्री," मामा ओट्यावरून म्हणाला, "त्या डब्या जिथल्या तिथंच ठिवा बरं का. नंबर टाका त्येंच्यावर. आन आतलं भाईर काडू नका."

"का?"

"आधीच्या सायबानी मला बजावून ठिवलंय. लई खाष्ट डब्या हायेत म्हनं."

"मामा," मी म्हणालो, "तुम्ही स्टिअरिंग धरायचं. मी मिस्त्री आहे."

तो तंबाखू मळायला लागला. माझं बोलणं त्याला पटलं असं मला तेव्हा वाटलं.

मग मी एका डबीचं तोंड उघडलं. आत एक छोटा दट्ट्या, पिचकारीत असतो तसा. त्याच्याखाली स्प्रिंग आणि ज्वारीच्या दाण्याएवढी एक गोळी. सगळं काळ्या तेलानं माखलेलं. मला घाण आवडत नाही. मी बाराच्या बारा डब्या उघडल्या, बारा दट्टे, बारा स्प्रिंगा, बारा गोळ्या एकाच घमेल्यात टाकल्या आणि रॉकेलनं स्वच्छ धुऊन काढल्या. तांदूळ धुवावेत तसं दोन पाण्यातून. उन्हात फडक्यावर मांडल्यावर इतक्या चकचकीत दिसत होत्या की मी दगडूमामाला बोलावून दाखवल्या.

त्यानं एकदा फडक्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि बाजूला जाऊन थुंकून आला.

मग मी त्या भरल्या. हाताला येईल तो दट्ट्या, हाताला येईल ती डबी. काही दट्टे आत जाताना अडत होते, ते मी दाबून बसवले. काही सुळकन पडत होते. ते मला जास्त चांगले वाटले.

नव्या रिंगा, नव्या बेअरिंगा, व्हॉल्व्ह घासून बसवलेले, असं सगळं इंजिन बांधलं. टॅपेटना नेहमीसारखी पत्ती लावून फट ठेवली आणि नवव्या दिवशी चालू केलं. बाई नेमक्या तेव्हाच आल्या होत्या. सकाळीच त्यांनी जिल्ह्याच्या दवाखान्यातून सलाईनच्या बाटल्यांची खोकी आणली होती. शेवगावजवळच्या एका कामावर ओकारी-जुलाबाची साथ सुरू झाली होती आणि त्यांना दुपारच्या आत तिथे पोचायचं होतं.

इंजिन सुरू झालं आणि असा आवाज झाला की रस्त्यावरची गाढवं थांबली.

बाई थोडा वेळ ऐकत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मिस्त्री, मी रोज खडी फोडण्याच्या कामावर जाते. नगरात तरी हा आवाज कानी पडणार नाही असं वाटलं होतं."

"सेटिंग बाकी आहे, बाई. दहा मिनिटं."

मी वरचं झाकण काढलं आणि आवाज बंद होईपर्यंत एकेक टॅपेट आवळत गेलो. फट उरलीच नाही, आवाजही उरला नाही. इंजिन इतकं मुकाट चालू लागलं की मी अभिमानानं कान लावून बसलो. बाराही गप्प.

"आवाज गेला," बाई म्हणाल्या. "पण गाडी बरी झाली का? ताप उतरला म्हणजे आजार गेला असं नसतं."

"मी स्वतः बरोबर येतो," मी म्हणालो. खरं तर गाडी कशी पळते ते बघायची मलाच हौस होती.

आम्ही निघालो. पुढे दगडूमामा आणि बाई, मागे सलाईनच्या खोक्यांबरोबर मी. करंजीचा घाट चढेपर्यंत ठीक होतं. घाटात इंजिन एकदा शिंकलं. मी म्हणालो, पेट्रोलमध्ये कचरा असेल. घाट उतरून तिसगावच्या अलीकडे दोनदा शिंकलं. मी म्हणालो, नवीन आहे, रुळेल. तिसगाव मागे टाकलं आणि दोन-तीन मैलांवर ते मेलं. दोन्ही बाजूंना तांबूस माळ, सावलीला एक बाभूळ, तीही निम्मी तोडलेली.

मी प्लग काढून पाहिले. ठिणगी देणारे पॉइंट घासले. कार्बोरेटर खोलून फुंकला. पेट्रोलची नळी तपासली. हँडल मारून पाहिलं तर इंजिन लोण्यातून फिरावं तसं फिरलं, दाब म्हणून नाही. कोणत्याही शिकाऊ मेकॅनिकला कळलं असतं की व्हॉल्व्ह मिटत नाहीत. मी मात्र टॅपेटकडे पाहिलंच नाही, कारण टॅपेट तर मी स्वतः लावले होते.

पाऊण तास गेला. बाई मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होत्या. मग तिसगावकडून पिण्याच्या पाण्याचा एक टँकर आला. बाई रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. ड्रायव्हरच्या शेजारी त्या बसल्या, मांडीवर एक खोकं. उरलेल्यातली जमतील तेवढी खोकी घेऊन दगडूमामा टँकरच्या पाठीवर चढला. साठीचा माणूस, एका हातानं लोखंडी कडी धरलेली, दुसऱ्या हातानं सलाईनची खोकी. दोन खोकी मावली नाहीत. ती माझ्याजवळ राहिली.

टँकर दिसेनासा झाला आणि मी पहिल्यांदाच घाबरलो. तोवर मला फक्त लाज वाटत होती. आता ती दोन खोकी समोर दिसत होती आणि पलीकडे कुणाला तरी ती हवी होती.

सगळं करून झाल्यामुळे, केवळ उरलं म्हणून, मी वरचं झाकण काढलं. आणि नुसत्या डोळ्यांनी दिसलं. इंजिन थांबलेलं असताना जे व्हॉल्व्ह मिटलेले असायला हवेत, त्यातले चार-पाच उघडे होते. कुणीतरी बोटानं दाबून धरल्यासारखे. मी फट लावली तेव्हा त्या डब्या रिकाम्या होत्या, दट्टे तळाशी बसलेले. गाडी जोरात पळाल्यावर तेलाचा दाब वाढला, डब्यांत तेल शिरलं, दट्टे वर आले आणि त्यांनी व्हॉल्व्ह उचलून धरले. डब्या आपलं काम करत होत्या. मीच त्यांना जागा ठेवली नव्हती.

मी बाराही टॅपेट भरपूर सैल केले. इंजिन सुरू झालं, सकाळपेक्षा भयंकर आवाज करत. दर मैलाला वाटे, आता काहीतरी तुटून बॉनेटमधून बाहेर येईल. पण गाडी चालली, आणि विचारत विचारत मी त्या कामावर पोचलो.

एका ताडपत्रीखाली नऊ-दहा माणसं आडवी होती. बांबूंना सुतळीनं बाटल्या टांगलेल्या. मी दोन्ही खोकी घेऊन धावत गेलो. मनात कुठेतरी अशी आशा होती की बाई म्हणतील, आणलीत का शेवटी.

बाईंनी वर न बघता विचारलं, "हात कसे आहेत तुमचे?"

मी हात पुढे केले. कोपरापर्यंत काळे.

"साबणानं धुऊन या. आणि मग इथे बसा."

त्यांनी माझ्या हातात एक बाटली दिली. बांबू संपले होते. खाली एक बाई पडलेली होती, डोळे खोल गेलेले, ओठ पांढरे. रूथबाईंनी आपलं घड्याळ काढून माझ्या मांडीवर ठेवलं. "नळीत थेंब पडतो तो मोजायचा. एका मिनिटात किती, ते मला सांगत राहायचं. कमी-जास्त झालं तर हाक मारायची. दुसरं काही करायचं नाही, मिस्त्री. तुमच्या मनानं तर काहीच नाही."

मी दीड तास बाटली धरून बसलो. हात बधिर झाला, बदलला, पुन्हा बधिर झाला. त्या बाईनं एकदा डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहून तिला मी डॉक्टर वाटलो असावा, कारण तिनं पदर सारखा केला. इतकी लाज मला पुन्हा कधी वाटली नाही.

ऊन कललं तेव्हा रूथबाई माझ्याजवळ आल्या. "आज कुणी दगावलं नाही," त्या म्हणाल्या. "त्यात तुमचा काही हात नाही," त्या पुढे म्हणाल्या आणि पुढच्या माणसाकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दवाखान्याच्या ओसरीसमोर गाडी लावून इंजिनाचं वरचं काम पुन्हा उघडलं. नगरला निरोप पाठवला, गॅरेज बंद. दगडूमामा आला, पुढच्या सीटखाली हात घातला आणि एक जाडजूड इंग्रजी पुस्तक काढून माझ्यासमोर ठेवलं. गाडीबरोबर आलेलं, दुरुस्तीचं. माझ्या गॅरेजात असताना आठ दिवस मी त्याच सीटवर बसून चहा प्यायलो होतो.

"आधी का नाही दिलंत, मामा?"

"म्या स्टिअरिंग धरायचं हुतं ना?"

मला इंग्रजी येत नव्हतं. संध्याकाळी रोगी तपासून झाल्यावर बाई खुर्ची घेऊन ओसरीवर आल्या, चष्मा लावला आणि वाचायला लागल्या.

"'कोणत्याही परिस्थितीत,'" त्या म्हणाल्या आणि थांबल्या. "'कोणत्याही परिस्थितीत एका डबीचा दट्ट्या दुसऱ्या डबीत घालू नये.' खाली दोन रेघा मारल्यात."

"रेघा कुणी मारल्या?"

"सायबानी," मामा म्हणाला. "आन माझ्याकडनं पाठ बी करून घ्येतलंय."

बाईंनी वाचलं आणि मला समजेल असं सांगितलं. डबी आणि दट्ट्या कारखान्यातच एकमेकांना जोडून घासलेले असतात. दट्ट्याभोवतीची जागा इतकी बारीक की तेल तिच्यातून अगदी सावकाश झिरपावं. तेलाचा दाब दट्ट्याला वर ठेवतो, गोळी तेलाला मागे जाऊ देत नाही, आणि त्यामुळे फट आपोआप भरून निघते. "माणसाच्या हृदयात अशीच झडप असते," बाई म्हणाल्या. "रक्त एकीकडे जाऊ देते, परत येऊ देत नाही. तुम्ही बारा माणसांच्या झडपा एका घमेल्यात धुतल्यात, मिस्त्री."

आता बारा डब्या आणि बारा दट्टे, कोण कुणाचा कसं ओळखायचं? पुस्तकात ते नव्हतं. असा प्रसंग येईल असं पुस्तक लिहिणाऱ्यांना वाटलंच नसावं. पण आदल्या दिवशी दीड तास थेंब मोजल्यामुळे मला एक गोष्ट सुचली. डबीत डिझेल भरायचं, दट्ट्या घालायचा, वर सारखंच वजन ठेवायचं आणि तो तळाशी जायला किती वेळ लागतो ते मोजायचं. सुळकन गेला तर परका. अडून बसला तरी परका. जो सावकाश, एका चालीनं उतरेल तो घरचा.

बाईंनी घड्याळ दिलं. एका डबीत बारा दट्टे, अशा बारा डब्या. हिशोबाला एकशेचव्वेचाळीस फेऱ्या, आणि शंका आली की पुन्हा पहिल्यापासून. मी चार दिवस तेच केलं. औषधाला आलेले लोक कोंडाळं करून बसत. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "पत्रिका जुळवताय व्हय?" मी हो म्हणालो.

अकरा जोड्या जुळल्या. मग मी पुस्तकाप्रमाणे त्या तेलात बुडवून भरल्या, पत्ती खिशातच ठेवली, आणि टॅपेट नुसता टेकला की वर एकच फेरा, असे आवळले. बारावी जोडी मात्र कशीही केली तरी थोडी गळत होती. तिचा दट्ट्या मी दाबून बसवताना ओरखडला होता.

इंजिन सुरू झालं. अकरा डब्या गप्प. बारावी टक टक करत राहिली. बाकी दम उत्तम, धूर नाही, करंजीचा घाट दोनदा चढून-उतरून पाहिला.

"चालेल," बाई म्हणाल्या. "या आवाजानं कुणी मरत नाही ना?"

"नाही, बाई."

"मग मला वेळ नाही."

पण मला चैन पडेना. कोणीही गाडी घेऊन आलं की मला ती टक टक ऐकू येई. चार-पाच महिन्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एका ओळखीच्या ट्रक ड्रायव्हरनं तसल्याच गाडीची एक डबी, दट्ट्यासकट, आणून दिली. ती फडक्यात गुंडाळून, खिशात घालून मी शेवगावला गेलो. गाडी कामावर गेली होती, म्हणून मागोमाग तिथे गेलो.

गाडी वाटेत एका वस्तीवर रोगी बघायला थांबली होती, म्हणून ती पोचायच्या आधीच मी पोचलो. शे-दीडशे माणसं खडी फोडत होती. हातोड्यांच्या आवाजात मला काही ऐकू येत नव्हतं. माझ्या पुढ्यातली एक म्हातारी मात्र एकदम थांबली, मान वर केली आणि ओरडली, "आली गं, टकटक आली!" हातोडे थांबले. पोरं काखेला मारून बायका उठल्या, म्हातारे उठले, आणि वळणावर गाडीचं तोंड दिसायच्या आत रांग लागली होती.

मी खिशातली डबी चाचपली. आयुष्यात इतक्या जणांच्या उपयोगी पडलेलं माझं दुसरं काम नसेल, असं मनात आलं आणि छाती थोडी फुगली.

गाडी थांबताच मी डबी पुढे केली. बाईंनी ती पाहिली, रांगेकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "राहू द्या आता. हॉर्न वाजवला तर सरकारी जीप समजून लोक कामाला लागतात. हा आवाज ते ओळखतात."

म्हातारी रांगेत पहिली होती. तिनं मला वरखाली पाहिलं. "तुमी कोन?"

"मी मिस्त्री. गाड्यांचा."

"मंग ही गाडी ज्यानं बांधलीया त्येला वळखता का?" ती म्हणाली. "लई आडानी असंल बगा. येवडी मोटी गाडी आन खुळखुळ्यावानी वाजती."

"ओळखतो," मी म्हणालो. "नगरचा आहे. पण आता सुधारलाय म्हणतात."

दगडूमामा बॉनेटला टेकून तंबाखू मळत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

"सुधारला कशाचा," तो म्हणाला. "वाजतोय की अजून."